टाकी भरताना आवाज कुठून येतो?

घरात दोन नळ असे असतात, जे माणसाचा हात न लागता उघडतात आणि आपोआप बंद होतात. एक गच्चीवरच्या टाकीत, दुसरा संडासातल्या फ्लशच्या टाकीत. पहिल्याचा आवाज गच्चीवरच राहतो. दुसरा मात्र भिंतीला टेकून बसलेला असतो. बेळगावात शहापूर, खासबागच्या जुन्या गल्ल्यांत दोन घरांची भिंत एकच असते. तिथे रात्री दोन वाजता ओढलेला फ्लश शेजाऱ्याच्या उशाशी ऐकू येतो. फ्लशचा धो-धो आवाज दहा सेकंदांत संपतो, त्याची तक्रार कुणी करत नाही. तक्रार असते ती त्यानंतरच्या मिनिटाची. टाकी पुन्हा भरत असताना पाइप घुमतो, शिट्टी वाजते, नाहीतर भरून झाल्यावर भिंतीत धाडकन हातोडा बसतो.

अशा वेळी घरमालक पहिली शंका भिंतीतल्या पाइपवर घेतो आणि फरशी फोडण्याचा खर्च डोळ्यांसमोर येतो. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक घरांत भिंतीला हात लावायची गरज नसते. दोष टाकीच्या आत, काही रुपयांच्या रबरी वायसरात किंवा पाइप धरून ठेवणाऱ्या सैल क्लॅम्पमध्ये असतो. तो शोधायला आवाज कुठून येतो हे ऐकून उपयोग नाही, कारण पाण्यातून आणि पाइपमधून आवाज इतक्या वेगाने पळतो की सगळ्या घरातूनच येतोय असं वाटतं. आवाज केव्हा येतो ते बघायचं. बेळगावातला जाणता प्लंबर दारात उभा राहून पहिला प्रश्न हाच करतो: "काकू, टाकी भरतेय तवा वाजतंय, का भरून झाल्यावर, तेवढं सांगा की ओ." या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं.

उरलेलं निम्मं दुसऱ्या प्रश्नात आहे: या टाकीला पाणी कुठलं?

या भागात हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. बेळगावला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचं पाणी येतं आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचंही येतं. पावसाळ्यात राकसकोपची पातळी 2475 फुटांना केव्हा टेकते याकडे अख्ख्या शहराचं लक्ष असतं. हे पाणी बऱ्याच भागांत काही दिवसांआड येतं, हौदात साठतं आणि मोटरीने गच्चीवर चढतं. पण 2008 पासून काही प्रभागांत चोवीस तास पाणी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या ठरावीक भागांत हा प्रयोग झाला, आणि तिथल्या घरांत रस्त्यावरच्या वाहिनीतला दाब रात्रंदिवस थेट नळापर्यंत पोचू लागला. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत जवाहर तलावाचं पाणी आहे, त्याच्या जोडीला बोअर आहेत. नव्या बंगल्यांत गच्चीच्या टाकीखाली प्रेशर पंप बसवायची पद्धतही आता रुजली आहे. म्हणजे एकाच गल्लीतल्या तीन घरांत तीन वेगळे दाब असू शकतात, आणि शेजाऱ्याच्या घरी चाललेला उपाय आपल्याकडे चालेलच असं नाही.

आपली फ्लशची टाकी कुठल्या पाण्यावर आहे हे कळायला, नळाला पाणी आलेलं असताना गच्चीच्या टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह बंद करा आणि फ्लश ओढा. तरीही टाकी पुरती भरली तर ती थेट नळावर आहे. भरली नाही तर गच्चीच्या टाकीवर. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. एक मजली घराच्या गच्चीवरची टाकी तळमजल्यावरच्या संडासापासून सहा-सात मीटर वर असते, म्हणजे दाब पाऊण बारही नाही. प्रेशर पंप तोच दाब दीड-दोन बारांच्या पुढे नेतो. थेट नळाच्या लाइनीवर दाब वेळेप्रमाणे बदलतो. दिवसा सगळ्या गल्लीने नळ उघडलेले असतात, रात्री ते बंद होतात आणि दाब चढतो. दिवसभर गप्प असलेली टाकी रात्रीच वाजते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आता सर्वांत जास्त घाबरवणारा आवाज आधी घेऊ: टाकी भरून होते आणि शेवटी धाड.

पाइपमधून वाहणारं पाणी वजनदार असतं आणि ते फारसं दबत नाही. त्याची वाट एकदम अडवली की पुढचं पाणी थांबतं, त्यावर मागचं आदळतं, आणि दाबाची एक लाट पाइपमधून उलटी धावत सुटते. अभियंते याला जलाघात म्हणतात. मॉस्कोत पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या वारंवार फुटत होत्या, तेव्हा निकोलाय झुकोव्स्की या शास्त्रज्ञाने 1897-98 मध्ये तिथल्या वाहिन्यांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. रशियन विमानविद्येचा पाया घालणारा म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. त्याचं सूत्र आजही तसंच वापरात आहे: पाण्याची घनता, पाइपमधल्या लाटेचा वेग आणि पाण्याच्या वेगात झालेली घट यांचा गुणाकार केला की वाढलेला दाब मिळतो. लोखंडी पाइपमध्ये ही लाट सेकंदाला 1300 मीटरच्या आसपास धावते. तिथे सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम थांबलं तर दाब सुमारे 13 बारने उसळतो, म्हणजे क्षणभर का होईना 130 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. सीपीव्हीसीसारखे प्लास्टिकचे पाइप थोडे फुगतात, त्यांत लाट बरीच सावकाश जाते, म्हणून तोच धक्का चार-पाच बारांवर येतो. जुन्या लोखंडी (जीआय) पाइपच्या घरात हातोडा मोठा का वाजतो याचं उत्तर यात आहे.

हीच ताकद कामाला लावणारा माणूसही होऊन गेला. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंपैकी थोरल्या जोसेफने 1796 मध्ये याच धक्क्यावर चालणारा पंप बनवला. त्याला ना वीज लागते ना इंजिन. ओढ्याचं वाहतं पाणी झडपेने अडवायचं आणि उसळलेल्या दाबाने त्यातलं थोडं पाणी वर चढवायचं. डोंगराळ गावांत असे पंप अजून चालतात. घरातल्या भिंतीत मात्र ही ताकद सांध्यांवर खर्च होते.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण हीच निदानाची किल्ली आहे. पूर्ण जोराचा धक्का बसायला झडप फार चटकन मिटावी लागते. दाबाची लाट टाकीपासून निघून गच्चीपर्यंत जाऊन परत येण्याच्या आत. 15 मीटर लांबीच्या लोखंडी पाइपला तो वेळ सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा आहे. आता बॉलकॉक, म्हणजे जुन्या टाकीतला चेंडूचा नळ, आठवा. चेंडू पाण्याबरोबर हळूहळू वर चढतो आणि तोंड थोडं थोडं करून बंद होतं, त्याला चांगली वीस-तीस सेकंदं लागतात. मग अशा धीम्या नळाने धक्का बसायलाच नको. धक्का बसतोय याचा अर्थ टाकीतलं काहीतरी सैल झालं आहे आणि शेवटच्या क्षणी फटकन मिटतं आहे. वायसर त्याच्या घरात हलत असेल, दांड्याची खीळ झिजली असेल. किंवा टाकीत पडणाऱ्या धारेने लाटा उठून चेंडू वरखाली नाचत असेल आणि प्रत्येक नाचाबरोबर झडप उघडझाप करत असेल. या तिसऱ्या प्रकारात धाड एकदा येत नाही, धडधड अशी माळ लागते.

खात्री करून घेणं सोपं आहे. टाकीचं झाकण काढा, फ्लश ओढा, आणि टाकी भरत आली की चेंडूचा दांडा दोन बोटांनी धरून अगदी सावकाश वर न्या. धडधड थांबली तर दोष चेंडूच्या नाचण्यात आहे. चेंडूच्या दांड्यावर खालच्या बाजूला प्लास्टिकची एखादी चपटी पट्टी बांधून पाण्यात बुडती ठेवली तर तिचा अडसर होतो आणि नाच थांबतो. धार थेट पाण्यावर पडत असेल तर ती टाकीच्या भिंतीवरून किंवा नळीतून खाली उतरेल असं करा. दांडा धरूनही शेवटी ठोका बसत असेल तर वायसर बदलायची वेळ झाली.

नव्या टाक्यांत चेंडू नसतो. उभ्या नळीवर सरकणारा कप असतो आणि आत रबराचा पातळ पडदा असतो. पडद्याला सुईएवढं भोक असतं, त्यातून पाणी मागच्या कप्प्यात जाऊन दाब धरतं आणि पडदा तोंडावर दाबून बसतो. कप वर आला की कप्प्याची वाट मिटते आणि झडप बंद होते. ही रचना भरताना शांत असते, पण मिटते पटकन. म्हणून प्रेशर पंपाच्या घरात नवी कोरी टाकीसुद्धा शेवटी ठोका देते. तिथे टाकीला दोष देऊ नका. पंपाचा दाब कमी करून बघा, टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी कमी-जास्त करायचा छोटा नळ, थोडा आवळा, आणि तरीही भागलं नाही तर टाकीजवळ जलाघात शोषणारी डबी बसवून घ्या. जुन्या घरांत यासाठी पाइपचा एक बंद तुकडा उभा ठेवत, आत हवा राहावी म्हणून. पण त्या तुकड्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळत जाते आणि काही महिन्यांनी तो नुसता पाण्याचा दांडा उरतो. लाइन पूर्ण रिकामी करून पुन्हा भरली की हवा परत येते.

दुसरा आवाज घुमण्याचा. टाकी अर्ध्यावर आली की "घूंऽऽ" सुरू होतं आणि टाकी भरेपर्यंत वाढत जातं. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात पेटीची पट्टी कशी थरथरते हे वेगळं सांगायला नको. वायसर तसाच थरथरत असतो. तोंडाची फट अरुंद झाली की तिथून पाणी फार वेगाने जातं, वेग वाढला की तिथला दाब घटतो आणि सैल रबर आत ओढलं जातं. ओढलं गेलं की वाट बंद, वाट बंद झाली की दाब वाढून रबर पुन्हा मागे. सेकंदाला कित्येक वेळा हेच चाललं की सूर तयार होतो आणि पाइप तो सूर घरभर नेतो. हा सूर वायसराचा आहे की नाही हे ओळखायची माझी आवडती चाचणी म्हणजे अँगल कॉक. टाकी घुमत असताना तो पाव फेरा आवळा. सूर मंदावला किंवा थांबला तर आवाज टाकीतल्या झडपेचा. कॉक आवळल्यावर सूर वाढला तर अँगल कॉकच्या आतलाच वायसर सैल आहे, आणि बिचाऱ्या टाकीला उगाच उघडायची गरज नाही.

जुन्या बॉलकॉकचा वायसर काढणं कुणालाही जमेल. अँगल कॉक बंद करा, फ्लश ओढून टाकी रिकामी करा. दांड्याची खीळ पकडीने सरळ करून ओढून काढली की दांडा सुटतो आणि मागोमाग पितळी दट्ट्या हातात येतो. त्याच्या टोकाशी काळ्या रबराची चकती बसवलेली असते. उजेडात धरून बघा. नव्या चकतीचा चेहरा सपाट असतो. जुनीवर तोंडाच्या कडेने कोरलेलं गोल वर्तुळ दिसतं, कधी इतकं खोल की नखाला लागतं. हीच चकती थरथरते आणि हीच पाणी गळू देते. नवी मिळेपर्यंत ती उलटी करून बसवली तर काही आठवडे निभावतात. बसवण्याआधी तोंडाच्या पितळी कडेवरून बोट फिरवा. कड खरखरीत लागली तर नवा वायसरही लवकरच कापला जाईल, तिथे संपूर्ण बॉलकॉकच बदलावा.

नुसता "सूंऽऽ" असा फुत्कार आला तर घाबरू नये. 10 मीटर उंचीचा दाब पाठीशी असेल तर अरुंद तोंडातून पाणी सेकंदाला 14 मीटरपर्यंत वेगाने निघू शकतं, म्हणजे ताशी 50 किलोमीटर. एवढ्या वेगाचं पाणी आवाज करणारच. अँगल कॉक आवळला की फुत्कार कमी होतो, टाकी भरायला एका मिनिटाऐवजी दोन मिनिटं लागतात, इतकंच. मात्र फुत्कार नव्याने सुरू झाला असेल तर तोंडाशी काहीतरी अडकलं आहे असं समजावं.

काय अडकतं, याचं उत्तर बेळगाव आणि निपाणीत वेगळं मिळतं. बेळगाव जांभ्या दगडावर वसलेलं आहे. पहिल्या पावसानंतर किंवा वाहिनीची दुरुस्ती झाल्यावर नळाला लालसर गाळ येतो आणि नव्या टाक्यांच्या नळीतल्या बारीक जाळीत तो जाऊन बसतो. निपाणीकडे काळा दगड आणि काळी माती. तिथल्या बोअरचं पाणी जड असतं, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं, आणि तोच क्षार झडपेच्या तोंडावर थर धरतो. गाळ साध्या पाण्यात दात घासायच्या जुन्या ब्रशने निघतो. क्षाराला लिंबूसत्त्वाचं पाणी किंवा व्हिनेगर लागतं. सुटे भाग त्यात रात्रभर बुडवून ठेवावेत. संडास धुवायचं ॲसिड इथे मुळीच वापरू नये, ते क्षाराबरोबर पितळही खातं.

थेट नळावरच्या टाकीत आणखी एक आवाज असतो: पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गुडगुड, फटफट आणि थुंकल्यासारखी धार. ही हवा. काही दिवसांआड भरणाऱ्या वाहिनीत मधल्या काळात हवा शिरते आणि पाणी येताना ती पुढे ढकलली जाते. हिंडलग्याच्या उपसा केंद्रात वीज गेली की शहराचं पाणी लांबतं हा बेळगावकरांचा जुना अनुभव आहे, आणि त्यानंतर आलेल्या पाण्यात हवा जास्त. यावर टाकीत काहीही दुरुस्त करायचं नसतं. पाणी येण्याच्या वेळी अँगल कॉक बंद ठेवा, अंगणातला नळ आधी उघडून हवा जाऊ द्या. रस्त्यावरच्या लाइनीला थेट मोटर लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. त्याने हवा आणि घाण दोन्ही ओढली जातात आणि गल्लीतल्या शेवटच्या घराचं पाणी तुटतं.

सर्वांत दुर्लक्षित आवाज मात्र वेगळाच आहे. कुणी फ्लश ओढलेला नाही, संडासात कुणी गेलेलं नाही, आणि तरी टाकी मधूनच दहा सेकंद भरते आणि गप्प होते. इथे भरणाऱ्या झडपेचा काहीच दोष नसतो. टाकीच्या तळाची रबरी झडप नीट बसत नाही, पाणी भांड्यात झिरपतं, पातळी उतरते आणि वरची झडप ती भरून काढते. संध्याकाळी कपड्यांना घालायची नीळ थोडी टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर निदान झालं. मिनिटाला 100 मिली इतकी बारीक धारही दिवसाला 144 लिटर होते. नळ काही दिवसांआड येणाऱ्या घरात ही गळती गच्चीवरची टाकी चोरून रिकामी करते, आणि घरातल्या बाईला वाटतं की पाणी हल्ली कमीच सोडतात. इतर सगळे आवाज एक वेळ सहन करा, हा करू नका.

टाकीच्या आतलं सगळं तपासूनही भिंत वाजत असेल, तर शेवटी पाइप बघायचा. धक्का सौम्य असला तरी सैल पाइप भिंतीवर आपटून तो मोठा करून दाखवतो. उघड्या पाइपवर हात ठेवा आणि कुणालातरी फ्लश ओढायला सांगा. थरथर जिथे सर्वांत जास्त, तिथला क्लॅम्प सुटलेला असतो. अर्धा इंची सीपीव्हीसीला साधारण 3 फुटांवर आधार लागतो, आणि काम उरकताना नेमकी इथेच काटकसर होते. क्लॅम्प आवळताना पाइपभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तर आवाज भिंतीत उतरत नाही. घर बांधत असाल तर भिंतीत गाडायच्या पाइपला प्लास्टरच्या आधी फोमचं आवरण घालून घ्या, आणि संडासाची टाकी निजण्याच्या खोलीच्या भिंतीवर टांगू नका. हे नकाशावर बदलायला पैसे पडत नाहीत.

प्लंबरला बोलावण्याआधी एवढं करा: गेट व्हॉल्व्ह बंद करून पाणी थेट नळाचं की गच्चीचं ते बघा, आवाज भरताना येतो की भरल्यावर ते ऐका, अँगल कॉक पाव फेरा आवळून काय बदलतं ते पाहा, आणि संध्याकाळी टाकीत नीळ टाका. मग फोनवर "संडासात आवाज येतोय" असं न सांगता "गच्चीच्या पाण्यावर आहे, भरून झाल्यावर एक ठोका बसतो" असं सांगा. तो येताना योग्य वायसर घेऊनच येईल.